दोन म्हणजे दुप्पट नव्हे

गेमिंगसाठी कॉम्प्युटर जुळवताना ग्राफिक्स कार्ड एक घ्यावे की दोन, हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. विचारणारे बहुतेक अठरा ते पंचवीस वयाचे असतात. कुणी डिप्लोमा करत असतो, कुणी मोबाईलच्या दुकानात बसतो, कुणी रात्री उशिरापर्यंत पार्सले पोहोचवून पैसे साठवलेले असतात. माझे उत्तर एका शब्दाचे आहे: एक. परवडेल त्यातले सर्वात चांगले, पण एकच.

पण एका शब्दाने भागत नाही. कारण या मुलांच्या कानात आधीच कुणीतरी दुसरे उत्तर भरलेले असते. ‘एकाने इतके होते, मग दोघांनी दुप्पट होणार’ असे साधे गणित त्यांना सांगितलेले असते. हे गणित चुकीचे आहे. ते चुकीचे आहे हे विकणाऱ्यांना बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. तरीही ते विकले जाते, आणि ते विकत घेणाऱ्याच्या घरात त्याला अडवणारे कुणी नसते. माझा राग या दोन्ही गोष्टींवर आहे.

आधी या कल्पनेचा इतिहास पाहू, कारण ती मुळात फसवी नव्हती. १९९८ साली थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीचे व्हूडू २ हे कार्ड आले. दोन व्हूडू २ जोडली की पडद्यावरच्या एकाआड एक ओळी ती वाटून घेत. एक कार्ड सम ओळी काढी, दुसरे विषम. त्या काळातले गेम साधे होते, ओळी वाटून घेता येत होत्या, आणि त्या काळात कितीही पैसे मोजले तरी त्याहून मोठे एकच कार्ड मिळत नव्हते. म्हणजे गरज खरी होती आणि उपायही खरा होता. या तंत्राचे नाव एसएलआय.

२००० च्या अखेरीस थ्रीडीएफएक्स बुडाली आणि तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली. २००४ साली एनव्हिडियाने एसएलआय हीच अक्षरे पुन्हा बाजारात आणली. अक्षरे तीच, पण त्यांचा विस्तार वेगळा आणि आतले तंत्रही वेगळे. २००५ मध्ये एटीआयने क्रॉसफायर आणले. पुढच्याच वर्षी एटीआय एएमडीच्या ताब्यात गेली. आता ओळींऐवजी बहुतेक वेळा अख्ख्या फ्रेम वाटल्या जाऊ लागल्या. पहिली फ्रेम पहिले कार्ड काढणार, दुसरी फ्रेम दुसरे, तिसरी पुन्हा पहिले. ऐकायला हे फार सोपे वाटते. सगळा घोळ इथेच आहे.

पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम दिसत असतील तर दर फ्रेममध्ये साधारण १७ मिलिसेकंदांचे अंतर हवे. दोन कार्डे आलटून पालटून काम करू लागली की हे अंतर सारखे राहत नाही. एक फ्रेम ५ मिलिसेकंदांनी येते, पुढची २८ मिलिसेकंदांनी. बेरीज करा, सरासरी काढा. उत्तर जवळपास तेच, सेकंदाला ६०. पण डोळ्याला ६० दिसत नाहीत. डोळ्याला अडखळणे दिसते.

ज्याने एसटीची वाट पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. वेळापत्रकात तासाला दोन गाड्या आहेत. प्रत्यक्षात दोन्ही गाड्या एकामागोमाग एक येतात आणि मग तासभर स्टँडवर शुकशुकाट. डेपोच्या वहीत तासाला दोन गाड्यांची नोंद बरोबर आहे. पण वही बघून कुणी घरी पोहोचत नाही.

गेमिंगच्या जगात ही वही बरीच वर्षे प्रमाण मानली गेली. खोक्यावर, जाहिरातीत, परीक्षणात एकच आकडा असे: सरासरी फ्रेम. २०११ मध्ये टेक रिपोर्ट या संकेतस्थळाने सरासरी बाजूला ठेवून एकेका फ्रेमला किती वेळ लागतो ते मोजायला सुरुवात केली. २०१३ मध्ये पीसी पर्स्पेक्टिव्हने थेट पडद्याकडे जाणारे चित्रच टिपून तपासले. तेव्हा क्रॉसफायरच्या बाबतीत असे दिसले की पडद्यावर जेमतेम काही ओळींइतकी उमटलेली फ्रेमही पूर्ण फ्रेम म्हणून मोजली जात होती. म्हणजे ग्राहकाने दुसऱ्या कार्डाचे पूर्ण पैसे मोजले होते आणि मोबदल्यात त्याला मोजणीतल्या फ्रेम मिळाल्या होत्या, पाहण्यातल्या नव्हे. त्याच वर्षी एएमडीने ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती आणली. दुरुस्ती केली हे चांगलेच झाले. पण क्रॉसफायर येऊन तोवर आठ वर्षे झाली होती.

बरे, अडखळणे सोडून देऊ. खेळणाऱ्याने बटन दाबले आणि पडद्यावर हालचाल झाली, यामधला वेळ हा खेळाचा प्राण असतो. दोन कार्डे आलटून पालटून ६० फ्रेम काढतात तेव्हा प्रत्येक कार्डाला आपली फ्रेम पूर्ण करायला तेवढाच वेळ लागतो जेवढा ३० फ्रेमना लागला असता. चित्र भराभर बदलते, पण तुमच्या बोटाला मिळणारा प्रतिसाद तेवढा सुधारत नाही. जो मुलगा समोरच्याच्या आधी गोळी झाडायला म्हणून पैसे खर्च करतो, त्याला नेमकी हीच गोष्ट मिळत नाही.

आता मेमरी. या मुद्द्यावर सर्वात जास्त खोटे बोलले जाते. दोन कार्डे ४ जीबीची असली तरी गेमला ८ जीबी मिळत नाहीत, ४च मिळतात. कारण दोन्ही कार्डांना तेच जग, त्याच भिंती, तीच झाडे काढायची असतात. म्हणून तोच मजकूर दोन्ही कार्डांत भरून ठेवावा लागतो. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घरात आणल्या तर कपाटातली जागा दुप्पट भरते, वाचायला पुस्तक एकच असते. २०१४ मध्ये एनव्हिडियाने एकाच कार्डावर दोन चिप असलेले टायटन झेड काढले. किंमत २,९९९ डॉलर. मेमरी १२ जीबी अशी जाहिरात. त्यातल्या ६ एका चिपच्या आणि ६ दुसऱ्या. जोडीने गेम चालवताना उपयोग ६ चाच. लिहिलेला आकडा खोटा नव्हता. पण तो वाचून ग्राहकाच्या मनात जे चित्र तयार होत होते ते खोटे होते.

माझ्या भाच्याने मध्यंतरी मला एक जाहिरात दाखवली. जीटीएक्स १०८० टीआयची वापरलेली जोडी. विकणाऱ्याने ठळक लिहिले होते: २२ जीबी. भाचा म्हणाला, “मामू, नव्या कार्डात आठ जीबी मिळतात आणि हा बावीस देतोय. वर म्हणतो, सुटं एक देणार नाही, जोडीच घ्यावी लागेल.” जोडी का घ्यावी लागेल हे मी त्याला विचारले. तो गप्प राहिला. मग मीच सांगितले: विकणाऱ्याकडे दोन पडून आहेत म्हणून.

अशा जोड्या बाजारात का पडून असतात हेही समजून घ्यायला हवे. काही वर्षे ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम हे आभासी चलन तयार केले जात होते. लोकांनी एकेका सांगाड्यावर सहा-सहा, आठ-आठ कार्डे लावून रात्रंदिवस चालवली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने पद्धत बदलली आणि या कार्डांचे ते काम एका दिवसात संपले. मग ती वापरलेल्या मालाच्या बाजारात आली. कार्ड वापरलेले आहे म्हणून ते वाईटच असेल असे मी म्हणत नाही. नीट तपासून, स्वस्तात, एक घेतले तर ते अनेकांचे काम भागवते. पण ज्याला दहा विकायची आहेत, त्याला ‘दोन लावा, दुप्पट चालेल’ हे वाक्य फार सोयीचे पडते.

आणि हे वाक्य आज तर धादांत खोटे आहे, कारण कंपन्यांनीच हा मार्ग बंद केला आहे. टप्पे लक्षात ठेवा. २०१६ मध्ये आलेल्या जीटीएक्स १०६० ला जोडीची सोयच दिली नव्हती. म्हणजे मध्यमवर्गीय ग्राहक ज्या किमतीचे कार्ड घेतो, तिथून ती आधी काढून घेतली. २०१८ च्या आरटीएक्स २०८० ला ती होती, पण दोन कार्डे जोडणाऱ्या पट्टीचेच वेगळे ७९ डॉलर. २०१९ मध्ये एएमडीच्या आरएक्स ५७०० मधून क्रॉसफायर गेले. २०२० च्या मालिकेत एनव्हिडियाने ही सोय फक्त सर्वात महागड्या वर्गात, आरटीएक्स ३०९० मध्ये, ठेवली. त्याच वेळी जाहीर केले की १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयसाठी नवी ड्रायव्हर प्रोफाइल बनवणार नाही; गेम बनवणाऱ्याने स्वतः सोय केली तर केली. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर तर जोडपट्टीची जागाच नाही.

हे प्रोफाइल प्रकरण महत्त्वाचे आहे. जोडी आपोआप चालत नसे. प्रत्येक गेमसाठी कंपनीला स्वतंत्र जुळवणी करून द्यावी लागे. ती नसेल तर दुसरे कार्ड नुसते बसून राही, किंवा चित्रात चमकणारे डाग दिसत. नवा गेम आला की जोडीवाले जुळवणीची वाट पाहत आणि एक कार्डवाले खेळत. शिवाय गेम बनवण्याची पद्धतही बदलली. आजचे गेम चित्राच्या कडा गुळगुळीत करण्यासाठी आधीच्या फ्रेममधली माहिती वापरतात. आधीची फ्रेम दुसऱ्याच कार्डात असेल तर ती मागवून घ्यावी लागते, आणि ती येईपर्यंत थांबावे लागते. दोघांत काम वाटायचे असेल तर एकाचे काम दुसऱ्यावर अवलंबून नको. इथे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

‘पण डायरेक्टएक्स १२ मध्ये तर दोन कार्डांची सोय आहे’ असे काही जाणकार सांगतात. आहे. २०१५ पासून आहे, अगदी वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डेही एकत्र चालवता येतात. ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी या गेमने ते करून दाखवले. पण हे काम गेम बनवणाऱ्यावर टाकलेले आहे, आणि मोजक्या ग्राहकांसाठी एवढी मेहनत घेणारे स्टुडिओ बोटांवर मोजण्याइतके निघाले. कायद्यात तरतूद असणे आणि ती अमलात येणे यातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको.

या बाजूनेही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. जोडी कधीच चालली नाही असे मी म्हणणार नाही. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये जीटीएक्स ९७० हे ३२९ डॉलरला आले आणि ९८० हे ५४९ डॉलरला. दोन ९७० घ्यावीत की एक ९८०, हा त्या काळातला खरा प्रश्न होता. जीटीए ५ सारख्या, जोडी नीट ओळखणाऱ्या गेममध्ये दोन ९७० पुढे जात. पण जिथे जोडी ओळखली जात नसे तिथे ६५८ डॉलर खर्चून ३२९ डॉलरचा खेळ पाहावा लागे. एक ९८० घेणाऱ्याला मात्र त्याचे कार्ड प्रत्येक गेममध्ये पूर्ण मिळे. त्या ९७० ची तर आणखी एक गोष्ट २०१५ च्या जानेवारीत उघड झाली: त्याच्या ४ जीबींपैकी शेवटचा अर्धा जीबी संथ होता. दोन घेतली तरी तो अर्धा जीबी संथच राहिला.

‘आता एक घेऊ, पुढे पैसे आले की दुसरे घेऊ’ हा युक्तिवाद मला सर्वात धोकादायक वाटतो, कारण तो काटकसरीचा वेष घालून येतो. या आशेवर मुलगा आधीच महागडा मदरबोर्ड घेतो, जास्त वॅटचा पॉवर सप्लाय घेतो, मोठे कॅबिनेट घेतो. म्हणजे न आलेल्या पाहुण्यासाठी आजच खोली बांधतो. आणि दोन वर्षांनी काय होते? २०१६ मध्ये जीटीएक्स १०७० आले. किंमत ३७९ डॉलरपासून, मेमरी ८ जीबी, वीज १५० वॅट. दोन ९७० मिळून वीज २९० वॅट, आणि मेमरी मात्र ४च. जुने ९७० विकून त्यात भर घालून १०७० घेणारा शहाणा ठरला. दुसरे ९७० शोधत फिरणारा त्याच जागी दुप्पट उष्णता घेऊन बसला.

विजेचा हिशेबही करून टाकू. १०८० टीआय हे २५० वॅटचे कार्ड आहे. जोडी म्हणजे ५०० वॅट, तेही प्रोसेसर आणि बाकीचे सोडून. दुसऱ्या कार्डाने पूर्ण जोरात रोज चार तास काम केले तर महिन्याला ३० युनिट वाढतात, आणि वीजबिल टप्प्याटप्प्याने चढत जाते. घरात बॅटरीवर चालणारा ६०० व्हीएचा साधा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटच पेलतो. वीज जाताक्षणी सगळे बंद. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. मे महिन्यात, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत, पाच माणसे झोपतात तिथे एक हीटर लावून ठेवायचा आणि त्याला कामगिरी म्हणायचे.

इतके करून काय हाती लागते? २०२४ चा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि २०२५ चा डूम: द डार्क एजेस हे गेम चालायला कार्डातच रे ट्रेसिंगची सोय असावी लागते. १०८० टीआयमध्ये ती नाही. एक असो, दोन असोत, चार असोत. जे एकाकडे नाही ते दोघांना मिळूनही नाही. त्या पिढीच्या कार्डांना नव्या गेमनुसार ड्रायव्हर देणेही एनव्हिडियाने २०२५ मध्ये थांबवायचे ठरवले.

दोन कार्डांचा उपयोग कुठेच नाही, असे मात्र समजू नका. ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन रेंडर करणारा मुलगा असेल तर एक कार्ड एक भाग काढते, दुसरे दुसरा भाग, आणि वेळ खरोखर वाचतो. घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणारे तर मॉडेलच दोन कार्डांत विभागून ठेवतात. तिथे मेमरी खरोखर कामी येते. कारण या कामांत फ्रेम ठराविक क्षणी पडद्यावर पोहोचवायची घाई नसते. अलीकडे दुसऱ्या लहान कार्डावर मधल्या कृत्रिम फ्रेम तयार करून घेण्याची एक टूमही निघाली आहे. त्याने चित्र गुळगुळीत दिसते, पण बोटाला मिळणारा प्रतिसाद वेगवान होत नाही. कामासाठी दोन कार्डे घेणारा आपला हिशेब मांडून घेतो. माझे भांडण खेळासाठी म्हणून जोडी गळ्यात मारणाऱ्यांशी आहे.

आणि आता घरातल्या मोठ्यांशी दोन शब्द. मुलगा स्कूटर घ्यायला निघाला तर आपण चारचौघांना विचारतो, ॲव्हरेज विचारतो, कागदपत्रे उलटसुलट करून बघतो. फ्रिज घ्यायचा तर तीन दुकाने फिरतो. पण त्याच मुलाने वर्षभराची कमाई घेऊन ग्राफिक्स कार्डाचे नाव काढले की आपले एकच उत्तर असते: “गेमच खेळायचाय ना? कर काय करायचं ते.” भाच्याची आई, माझी आपा, हेच म्हणाली होती. या वाक्यात नाराजी आहे, पण जबाबदारी नाही. खेळ तुम्हाला आवडत नसेल तर तसे सांगा, त्यावर वाद होऊ द्या. पण पैसा खरा आहे, आणि तो कष्टाचा आहे. खेळाला क्षुल्लक मानून आपण मुलाला बाजारात एकटा सोडतो, आणि बाजाराला नेमका असाच गिऱ्हाईक हवा असतो: उत्साही, एकटा, आणि घरी तक्रार करायची सोय नसलेला. फसला तरी तो घरी सांगणार नाही, कारण ‘सांगितलं होतं ना’ हे त्याला ऐकायचे नसते.

म्हणून लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी किंवा ऑनलाइन जाहिरातीवरचा नंबर फिरवण्याआधी मुलांनो, एवढे करा. तुम्ही खेळता त्या गेमची यादी कागदावर लिहा. बरीच मुले व्हॅलोरंट खेळतात. तो गेम इतका हलका आहे की त्यासाठी भारी कार्डाचीच गरज नाही, जोडीचे तर नावच सोडा. मग विकणाऱ्याला विचारा: या यादीतला कुठला गेम दोन कार्डे वापरतो? मला चालू करून दाखव, आणि दुसरे कार्ड किती टक्के काम करते आहे ते पडद्यावर दाखव. तो विषय बदलेल. तिथेच तुमचे उत्तर मिळाले.

दुसऱ्या कार्डाचे जे पैसे वाचतील ते एका वरच्या दर्जाच्या कार्डात घाला. ते घेऊन झाले असेल तर पडदा बदला. ६० हर्ट्झच्या पडद्यावर १२० फ्रेम ओतून तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणार. तेही झाले असेल तर चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय घ्या, रॅम वाढवा. आणि तेही झाले असेल तर पैसे ठेवून द्या. पुढच्या पिढीचे कार्ड येईलच, आणि त्या दिवशी ज्याच्या खिशात पैसे असतील त्याची निवड मोठी असेल.

दोन कार्डे काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिव्यांत सुंदर दिसतात, हे मला मान्य आहे. फोटोला ती छानच येतात. पण कंपनीने ज्या वस्तूची पाठराखण सोडली, गेम बनवणाऱ्यांनी जिची दखल घेणे सोडले, ती वस्तू आता फक्त विकणाऱ्याच्या फायद्याची उरली आहे. त्याच्या गोदामातली अडगळ रिकामी करण्याचे काम तुमच्या घामाच्या पैशाचे नाही.